पाणी काढणारा मगदूम

खड्डा जेमतेम मांडीइतका खोल झाला आणि तळातून पाणी पाझरून वर यायला लागलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा, ऊन नुसतं मी म्हणत होतं, आणि माझ्या खड्ड्यात पाणी.

बांधावर पदर डोक्यावर ओढून बसलेली चंपाक्का म्हणाली, "आरं, विहीर काढायला न्हाई बोलावलं तुला. ठिबक बसवायला बोलावलंय."

"म्हणूनच तर खड्डा काढून बघितला, आक्का."

"मग काय घावलं?"

"पाणी."

"पाणीच व्हय? इतका वेळ वाकून बघतोयस, मला वाटलं हंडा घावला."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोळकडच्या आमच्या तेरवडे गावात माझं, म्हणजे अभिनंदन मगदूमचं, ठिबकचं दुकान होतं, 'मगदूम इरिगेशन'. नाव मोठं, दुकान दहा बाय पंधरा. त्या वर्षी धंद्याला साडेसाती लागलेली. माझ्याकडं घडलेले दोन फिटर एमआयडीसीत लागले. तिथं म्हणे डोक्यावर पंखा होता आणि रविवारची सुट्टी. मला कुणी विचारलं असतं तर मीही गेलो असतो. गिऱ्हाईक दुकानात यायचं, माझा चहा प्यायचं आणि माझ्याच समोर बसून सांगलीला फोन लावून नळीचा भाव विचारायचं. अनुदानाच्या अर्जासाठी शेतकऱ्याचा रानात उभं राहून फोटो लागायचा. कॅमेरा येईपर्यंत शेतकरी जेवायला गेलेला असायचा.

अशात चंपाक्का चौगुले स्वतः दुकानात येऊन म्हणाली, "अडीच एकराला ठिबक बसवायचंय." मला देव पावल्यासारखं झालं. आक्का तेव्हा बासष्टची. नवरा भरमू जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलती लेक इचलकरंजीला दिलेली. रान एकटी बघायची आणि रानाच्या त्या आळीतले चार शेजारी आक्का काय करते ते बघून आपलं ठरवायचे. म्हणजे तिच्या अडीच एकरामागून आणखी दहा-बारा एकर माझ्या दाराशी चालत येणार होते.

पण रान बघितलं आणि माझा उत्साह मावळला. एके काळी तिथं अंगठ्यापेक्षा जाड ऊस यायचा, लहानपणी आम्ही तोच चोरायचो. आता जमिनीवर पीठ सांडावं तशी पांढरी मिठफुटी. ऊस कमरेला आला नव्हता, आला होता तो पिवळा. जोमात होता फक्त लव्हाळा.

खड्डा बुजवून, मापं घेऊन, नळ्या टाकून मी मोकळा झालो असतो. आक्काला कळायला दोन वर्षं लागली असती. तसं करायचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. चांगला बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ आला.

मग मी म्हणालो, "आक्का, ठिबकनं या रानाचं मीठ जायचं नाही. खाली पाणी तुंबलंय, तेच मीठ वर आणतंय. आधी ते पाणी काढलं पाहिजे."

आक्कानं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुझा बाप पाणी आणायचा, तू काढायला निघालास. एकाच घरात दोन्ही धंदे! बरं हाय की."

"चेष्टा नाही आक्का. जमिनीत चार फूट खाली भोकांच्या नळ्या टाकायच्या. त्यांना जाळी गुंडाळायची, माती आत जाऊ नये म्हणून. नळ्यांना उतार द्यायचा. सगळं पाणी एका मोठ्या पाइपात येतं आणि पाइप ओढ्यात सोडायचा. दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं."

"तू केलंयस कधी?"

"नाही. पलीकडच्या गावात बघून आलोय."

"म्हणजे माझ्या डोक्यावर हजामत शिकणार."

"हो."

"खरं बोलतोयस, म्हणजे अजून धंद्यात मुरला न्हाईस," आक्का उठून लुगडं झटकत म्हणाली. "लाग कामाला."

*

दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण लावून रानाची पातळी घेतली. सगळा उतार एकाच बाजूला होता, आणि ती बाजू होती नेमगोंडा पाटलाच्या रानाची. त्याच्या रानापलीकडं ओढा. तिथून पाइप नेला तर सातशे फुटांत काम. दुसरीकडून न्यायचा तर चढ फोडत दीड हजार फूट, आणि तोही नऊ-दहा फूट खोल. तेवढ्या खर्चात आक्काचं रानच विकलं गेलं असतं.

नेमगोंडा आणि चंपाक्का अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरून बिनसलं होतं. तरी मी आक्काला घेऊन त्याच्याकडं गेलो. तो केळीच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

आम्हाला बघून तो मला म्हणाला, "अभिनंदन, तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, माझ्या बांधावर उभं ऱ्हायचं न्हाई."

आक्काही मलाच म्हणाली, "त्याला इचार, बांध नेमका कुठला? दर वरसाला हलतोय, म्हणून इचारते."

"तिला सांग, बांध बापजाद्यापास्नं हितंच हाय."

"त्याला सांग, मग त्याच्या बापजाद्याला चाकं हुती."

मी दोघांच्या मधे उभा राहून इकडचं ऐकत होतो आणि तिकडचं ऐकत होतो. सांगायची काही गरज नव्हती, दोघांना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. शेवटी मी पाइपाचं काढलं. नेमगोंडानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"माझं रान खणायचं न्हाई. खालनं न्हाई, वरनं न्हाई. विषय संपला."

परत येताना आक्का काही बोलली नाही. मला त्याचं जरा नवल वाटलं. इतकं तोंडावर 'नाही' ऐकून ती चिडायला हवी होती, पण तिचा चेहरा बाजारातून मनासारखी वांगी मिळालेल्या बाईसारखा होता.

मला मात्र राहवेना. दोन ठिकाणी पातळी माझ्या हिशेबापेक्षा जास्त खाली लागली होती, नेमगोंडाच्या रानाकडं सरळ पट्टा गेल्यासारखी. मी तलाठ्याकडं गावचा जुना नकाशा बघून आलो. त्यावर आक्काच्या आणि नेमगोंडाच्या रानातून ओढ्याकडं जाणारी तुटक रेघ होती. ओहोळ. मी छत्तीस वर्षांचा, जन्म गावातला, आणि तिथं ओहोळ असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

नकाशाची नक्कल घेऊन मी घरी आलो आणि अप्पांसमोर ठेवली.

अप्पा म्हणजे माझे वडील, बाबगोंडा मगदूम. त्यांनी एकोणऐंशी साली नदीपासून गावाच्या वरच्या अंगापर्यंत पाइपलाइन टाकली. तेवढी लांब लाइन टाकणारा अख्ख्या तालुक्यात दुसरा कंत्राटदार नव्हता, असं तेच सांगायचे आणि कुणी खोडून काढायचं नाही. पाणी पडलं त्या दिवशी गावानं त्यांची हलगी लावून मिरवणूक काढली होती. सोसायटीच्या कचेरीत गुलालानं माखलेला त्यांचा फोटो अजून आहे. आता ते माझ्या दुकानात खुर्ची टाकून बसायचे आणि गिऱ्हाइकांना फुकटचा सल्ला द्यायचे. गिऱ्हाइकं सल्ला त्यांचा घ्यायची आणि नळी सांगलीची.

अप्पांनी चष्मा लावला, नकाशा बघितला आणि उलटा ठेवला.

"लई जुना नकाशा हाय. इंग्रजाच्या येळचा. इंग्रजाला काय कळतंय आपल्या रानातलं?"

"अप्पा, तिथं ओहोळ होता का नव्हता?"

"माझा गुडघा दुखतोय. तेल घेऊन ये."

मी तेल आणून दिलं. त्यांनी ते लावलं नाही. संध्याकाळी जेवायला बसले, अर्धी भाकरी खाल्ली आणि उठले. आई म्हणाली, "काय झालं? आमटी अळणी झाली का?" अप्पा म्हणाले, "आमटी बरी हाय." आमटीला त्यांनी बरं म्हटलं तेव्हा आईलाही काळजी वाटली, कारण पस्तीस-चाळीस वर्षांत ते झालं नव्हतं.

सकाळी मी दुकान उघडायला निघालो तर अप्पा पायरीवर उभे. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात काठी.

"गाडी काढ. नेमगोंडाकडं जायाचंय."

अप्पा मोटारसायकलवर माझ्यामागं बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या रस्त्यानं मी अप्पांना कधीच नेलं नव्हतं. त्या बाजूला जायचं असलं की ते गुडघ्याचं नाव सांगून घरी थांबायचे, नाहीतर वेशीकडून वळसा घालायला लावायचे. गुडघा खरंच दुखत असेल, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

*

चंपाक्का तिथं आधीच हजर होती. आम्ही येणार हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. दहा हातांवर उभी राहून ती नेमगोंडाच्या केळीकडं बघत होती, जणू घडाचा भाव करायला आलीय.

अप्पांना बघून नेमगोंडा उठला. "या काका. बसा. ऊन लई हाय."

अप्पा बसले नाहीत. ते चालत रानाच्या मधोमध गेले, तिथून पंधरा-वीस पावलं डावीकडं आले, थांबले आणि काठी जमिनीत रोवली.

"नेमगोंडा, हितनं ओहोळ जायाचा."

"कुठला ओहोळ, काका? ही बापजाद्याची जमीन..."

"तू तवा अठरा वरसांचा हुतास. ह्याच ओहोळात खेकडं धरायचास. आपल्या जैनांत चालत न्हाई म्हणून तुझ्या बापानं, तवनाप्पानं, तुला ह्याच बांधावर वेताच्या छडीनं बडवला हुता."

नेमगोंडानं घाईनं इकडं तिकडं बघितलं. मंदिराच्या कमिटीचा तो खजिनदार होता. "काका, जरा हळू बोला. आणि मी खात न्हवतो. सोडून द्यायचो."

"अभिनंदन, त्याला सांग," आक्का लांबून म्हणाली, "कुठं सोडायचा, ते मला ठाऊक हाय."

"सोडत हुतास न्हवं?" अप्पा म्हणाले. "मग खेकडं काय रानात उगवत हुती? ओहोळ हुता म्हणूनच हुती."

नेमगोंडा डोकं खाजवायला लागला. मला हसू आवरेना, पण अप्पांकडं बघितलं आणि ते ओठांवरच राहिलं. ते नेमगोंडाकडं नाही, पायाखालच्या मातीकडं बघत होते.

"ओहोळ मी बुजवला," अप्पा म्हणाले. "लाइन आणताना मधे हा आडवा आला. खाली उतरून परत वर चढवायची तर तीन बेंड आणि दीडशे फूट पाइप जादा लागत हुता. पावसाळा तोंडावर हुता. मी तवनाप्पाला म्हटलं, ओहोळ बुजवून लाइन सरळ नेतो, तुला तेवढीच जमीन सुटंल. तो म्हणाला, बुजव. उन्हाळ्यात त्यात थेंब नसायचा. मला वाटलं, ह्याला ठेवून काय करायचं?" ते थांबले. "चौतीस वरसं ह्या आळीचं पाणी माझ्यामुळं तुंबलंय. तुझ्या बापाची चूक काढायला मी आलो न्हाई. माझी सांगायला आलोय."

नेमगोंडानं काठी रोवलेली जागा पायानं दाबून बघितली.

माझ्या आयुष्यात मी अप्पांच्या तोंडून 'माझी चूक' हे दोन शब्द ऐकले नव्हते. त्यांनी मोडलेल्या गोष्टी घरात आपोआप मोडलेल्या असायच्या. आणि हा माणूस आता भर उन्हात, ज्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं अशा माणसापुढं टोपी सरळ करत उभा होता.

मग नेमगोंडा म्हणाला, "माझं सहा गुंठं जाणार म्हणा की."

"नाही," मी म्हणालो. "उघडा ओहोळ करायचा नाही. पाइप पाच फूट खाली. वर तुमची केळी तशीच राहील."

त्यानं मान हलवली. मग मातीचं ढेकूळ उचलून चुरडत राहिला. "खालच्या अंगाला... माझंबी दीड एकर... तसं लई न्हाई, पण पांढरं पडाय लागलंय."

चंपाक्का दहा हात चालून पुढं आली. "म्हणून तिथं गवत लावलंयस? मी म्हणते, म्हशी न्हाईत आणि गवत कशाला!"

"लोकांस्नी दिसू नये म्हणून," नेमगोंडा तिला म्हणाला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण मधे मला न घालता बोललो, हे दोघांच्या बहुतेक एकदमच लक्षात आलं. नेमगोंडानं घसा खाकरला. आक्कानं पदर सारखा केला.

"तुझ्याबी रानात टाकतो की हा," आक्का म्हणाली, माझ्याकडं बोट करून. "माझ्यावर शिकतोय, तुझ्यावर सुधारंल."

*

जेसीबीवाल्यानं अप्पांनी काठी रोवली होती तिथंच खणायला सुरुवात केली. साडेचार फुटांवर माती बदलली. वरची तांबूस, खालची काळी, चिकट, आणि तिच्यात शंखांचे पांढरे तुकडे. ओहोळाचा तळ. तिथून पाणी आपण होऊन ओढ्याच्या दिशेनं सरकायला लागलं, जणू वाट त्याला अजून आठवत होती.

पहिल्या कामात करायच्या तेवढ्या चुका मी केल्या. एका ओळीला उतार उलटा दिला. ती परत उकरावी लागली. जाळी गुंडाळायला माणसं मिळेनात, तेव्हा आक्कानं आपल्या बचत गटाच्या सहा बायका आणल्या. त्यांनी ती गोधडीच्या टाक्यासारखी इतकी नेटकी गुंडाळली की पुढं माझी तीच टोळी झाली. अप्पा रोज यायचे, गुडघा न दुखता. नवव्या दिवशी ओढ्याच्या काठावर पाइपाच्या तोंडातून पाणी बाहेर पडलं. आधी करंगळीएवढं, दुपारपर्यंत मनगटाएवढं. अर्धा गाव बघायला आला. हलगी नव्हती, गुलाल नव्हता.

गर्दी पांगल्यावर अप्पा चंपाक्काजवळ जाऊन उभे राहिले. मी पाइपाचं तोंड साफ करत होतो.

"चंपा," ते म्हणाले, "भरमूनं मला सांगितलं हुतं. अण्णा, ओहोळ बुजवू नका, पाण्याला जायला वाट पाहिजे, म्हणाला हुता."

"व्हय," आक्का म्हणाली.

"मी हसलो हुतो त्याला."

"तेबी सांगितलं हुतं त्यानं."

अप्पांनी मान खाली घातली. आक्कानं किटलीतला चहा कपात ओतून त्यांच्यापुढं धरला. "घ्या अण्णा. निवतोय."

*

दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी आक्कानं खतासाठी ताग पेरून गाडला, दुसऱ्या वर्षी ऊस लावला. तो डोक्याच्या वर गेला तेव्हा तिनं मला रान बघायला बोलावलं. तोपर्यंत माझ्या दुकानात ठिबकपेक्षा पाणी काढायचंच काम जास्त झालं होतं. शेजारच्या तीन गावांतून लोक येत होते. फोन लावून सांगलीचा भाव कुणी विचारत नव्हतं, कारण सांगलीला हे काम अजून कुणी करत नव्हतं.

बांधावर बसल्या बसल्या आक्का म्हणाली, "तुला काय वाटलं, मी ठिबक घ्यायला आले हुते तुझ्याकडं?"

"म्हणजे?"

"ठिबक इचलकरंजीत स्वस्त हुतं. जावई आणून देणार हुता."

"मग माझ्याकडं कशाला?"

"ह्यांनी मरताना सांगितलं हुतं, ओहोळ उघडल्याबिगर रान सुधारायचं न्हाई. आता मी बाबगोंडाण्णाला जाऊन कसं सांगू? तुम्ही चुकला म्हणून? गावानं ज्याला खांद्यावर घेतलं त्याला? त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नसतं. उलट हट्टाला पेटला असता. नेमगोंडा तर दारात उभा करत न्हवता. मग मी म्हटलं, बापाला सांगायचं असलं तर पोराला खड्डा काढू द्यावा." तिनं उसाचं पान ओढून हातात घेतलं. "तू खड्डा न काढता नुसत्या नळ्या टाकून गेला असतास तर मात्र माझं चुकलं असतं."

बिडी ओढायला लागतो तेवढा वेळ मी काय विचार केला होता, ते मी तिला सांगितलं नाही. तिला ते कदाचित तेव्हाच दिसलं असेल.

"आक्का, अप्पांना हे..."

"अजाबात सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "त्याला वाटतंय, आपल्या मनानं गेलो. आणि गेलाच की आपल्या मनानं. मी काय त्याला उचलून न्हेलं?"

मी सांगितलं नाही. पुढची सहा वर्षं अप्पा माझ्याबरोबर नव्या नव्या रानांत फिरले, उतारावरून माझ्याशी भांडले आणि दोनदा बरोबर निघाले. चार वर्षांपूर्वी ते गेले. तिसऱ्या दिवशी घरात बायांची वर्दळ होती, त्यात चंपाक्का आली. वय झालेलं, पाठ वाकलेली. आईजवळ बसली, उठली आणि जाताना मला अंगणात गाठून हळूच विचारलं, "शेवटपत्तूर सांगितलं न्हाईस न्हवं?"

"नाही, आक्का."

"बरं केलंस." तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसताच तिला हसू फुटलं. "टोपीला इस्त्री करून आला हुता रे, चूक कबूल करायला."

मग आम्ही दोघंही, सुतकाच्या घरात, लोक बघत असताना, तोंडावर हात दाबून हसत राहिलो.